हाडाचा कर्करोग आणि सदाफुली

अंगणात, देवळाच्या आवारात, गच्चीवरच्या जुन्या डब्यात, अगदी भिंतीच्या भेगेतही सदाफुली उगवते. पाणी घालायचं राहून गेलं तरी ती रुसत नाही. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्याकडे इतकी रुळली आहे, की कुणाला ती परकी वाटत नाही. हिच्याच पानांतून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध आज युइंग सार्कोमा या हाडाच्या कर्करोगावर जगभर दिलं जातं.

युइंग सार्कोमा प्रामुख्याने मुलांना आणि तरुणांना होतो. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. मांडीचं हाड, नडगी, कमरेचं हाड, बरगडी, कुठेही तो होतो. आधी दुखतं, मग सूज येते, कधी बारीक ताप राहतो. खेळताना लागलं असेल म्हणून घरचे तेल चोळतात, पट्टा बांधून आणतात आणि त्यात मोलाचे आठवडे निघून जातात.

सदाफुलीचं औषध सापडलं ते मात्र मधुमेहाच्या वाटेने. जमैकात लोक साखरेच्या आजारावर या पानांचा काढा घेत. १९५२ मध्ये तिथून काही पानं टपालाने कॅनडात गेली आणि वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्या हाती पडली. अर्क दिलेल्या उंदरांची साखर काही उतरली नाही. पण अर्क शिरेतून दिला, तेव्हा थोड्याच दिवसांत ते जंतुसंसर्गाने मरू लागले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या, अस्थिमज्जा ओस पडली होती. फसलेला प्रयोग म्हणून ही नोंद बाजूला पडू शकली असती. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी ती पडू दिली नाही. पांढऱ्या पेशी घटवणारा पदार्थ रक्ताच्या कर्करोगावर चालेल, हे त्यांनी ओळखलं आणि १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन जगापुढे आलं. पाठोपाठ एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा आणि सहकाऱ्यांनी त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन वेगळं केलं. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारे प्रथिनांचे सूक्ष्म धागे असतात. व्हिन्क्रिस्टिन ते धागे जुळूच देत नाही. पेशीचं विभाजन अर्ध्यावर अडतं आणि ती मरते.

किमोथेरपीच्या वॉर्डात हे औषध कसं दिलं जातं, ते पाहण्यासारखं आहे. फ्रीजमधून काढलेल्या छोट्या कुपीत पाण्यासारखा रंगहीन द्रव असतो. मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजायची. एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. सलाईनच्या लहान पिशवीत मिसळून ते शिरेतून सोडतात. सुई शिरेतच आहे ना, हे परिचारिका पुन्हा पुन्हा तपासते, कारण शिरेबाहेर सांडलं तर आजूबाजूचं मांस जळतं. पाठीच्या कण्यातून चुकून दिलं गेलं तर बहुतेक वेळा जीवच जातो. नीट दिलं तरी मज्जातंतूंना झळ बसते. मुलाच्या बोटांना मुंग्या येतात, शर्टाचं बटण लागत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते. मधुमेहासाठी सकाळी सदाफुलीची पानं चावणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. त्या पानात किती औषध आहे आणि किती विष, हे चावणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नाही.

युइंगच्या उपचारात दुसरी वनस्पती येते ती हिमालयातून. बनककडी या डोंगरी रोपाच्या मुळांत पोडोफायलोटॉक्सिन असतं. त्यात रासायनिक बदल करून एटोपोसाइड तयार झालं. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हिन्क्रिस्टिन असलेल्या जुन्या उपचारात एटोपोसाइड आणि आयफॉस्फामाइड यांची भर घातल्यावर, आजार इतरत्र न पसरलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ६१ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेलं. शंभरातली अकरा मुलं जास्त! ज्यांच्यात तो आधीच पसरला होता, त्यांना मात्र या भरीचा फायदा दिसला नाही. आजार लवकर ओळखण्याचं मोल या चाचणीतही दिसतं.

तिसरी वनस्पती, नरक्या, तर सह्याद्रीतलीच. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत गेले. मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन शोधलं. कॅम्प्टोथेसिन आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्यातही आहे, हे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं. त्यापासून बनलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं युइंग उलटल्यावर वापरतात. पण त्याच गुणामुळे नरक्यावर कुऱ्हाड चालली. सह्याद्रीच्या जंगलांतून चोरून तोडलेला नरक्या वनखात्याने पकडल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. रुग्णाला वाचवणाऱ्या झाडाची अशी लूट होताना पाहून संताप येतो.

हाडाच्या दुसऱ्या कर्करोगाची, ऑस्टिओसार्कोमाची, गोष्ट निराळी. त्याच्या नेहमीच्या उपचारातल्या मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन या तिन्ही औषधांत वनस्पतीजन्य एकही नाही. म्हणून अनेकांची नजर हळदीकडे जाते. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीत ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी मारतं, हे खरं आहे. ते माणसाच्या रक्तात कितपत पोचतं, हे टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर केंद्रातल्या संशोधकांनी मोजलं. साधी हळद नव्हे, तर मुद्दाम शोषणासाठी बनवलेलं कर्क्युमिन त्यांनी ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांना आणि निरोगी स्वयंसेवकांना दिलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६५० मिलिग्रॅमच्या मात्रेनंतर निरोगी माणसांच्या रक्तात ते मिलिलिटरमागे जेमतेम २२ नॅनोग्रॅम आढळलं. बशीतल्या पेशी मारायला सहसा याच्या शंभरपटीहून जास्त लागतं. हळदीवरचं संशोधन चालू राहावं, जोमाने चालू राहावं. पण आज हळदीच्या दुधावर विसंबून ऑपरेशन लांबवणं म्हणजे मुलाचा पाय, किंवा जीवच, पणाला लावणं आहे.

रात्री झोपेतून उठवणारं, दोन-तीन आठवडे न थांबणारं हाडाचं दुखणं असेल, तर मालीश थांबवून एक्स-रे काढावा. बायोप्सी शक्यतो पुढचं ऑपरेशन जिथे व्हायचं त्याच रुग्णालयात करावी, कारण सुईची वाट चुकली तर पाय वाचवणं अवघड होतं. घरी काढा किंवा चूर्ण चालू असेल, तर ती पुडी सोबत नेऊन डॉक्टरांपुढे ठेवावी. व्हिन्क्रिस्टिनचा निचरा यकृतातून होतो. तोच मार्ग अडवणारं दुसरं काही पोटात जात असेल, तर औषध शरीरात साचतं आणि बधिर झालेल्या बोटांचं कारण डॉक्टरांना त्या पुडीत सापडू शकतं.