नाईक यशवंत घाडगे



आज आम्ही एका शिपायाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव यशवंत घाडगे. गाव पळसगाव, जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. मराठा पलटणीत तो नाईक होता. दुसऱ्या महायुद्धात त्याची पलटण इटली देशात लढत होती.

१० जुलै १९४४. समोरून मशीनगन सुटली. यशवंताच्या तुकडीतले सारे पडले. कोणी मेले, कोणी जखमी झाले. तो एकटा उरला. पण मागे सरला नाही. धावत जाऊन त्याने हातगोळा फेकला, मशीनगन बंद पाडली. गोळ्या भरायला वेळ नव्हता, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढला. शेवटी लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तो पडला. वय अवघे २२.

लढाई इंग्रज सरकारची होती. पण गेला तो आपला पोर. मरणानंतर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावी त्याच्या नावाचे सूर्यघड्याळ उभे राहिले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतूनही कोणी लढाईवर गेला असेल, परतला नसेल. घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. आता तुम्हांला लिहिता येते. त्याचे नाव, गाव, साल आपल्या वहीत लिहून ठेवा.