कोमटपणाचा धोका

नव्या करारातील शेवटच्या, 'प्रकटीकरण' या पुस्तकात सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रे आहेत. त्यांतले अखेरचे पत्र लावदिकीया शहरातील ख्रिस्ती मंडळीला आहे. हे शहर आजच्या तुर्कस्तानात, देनिझलीजवळ होते. मोठे सधन! इसवी सन ६० मध्ये भूकंपाने ते कोसळले. पण रोमची मदत न घेता लोकांनी ते पुन्हा उभारले, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो.

पत्रात या मंडळीवर पाखंडाचा आरोप नाही. दोष एकच : ती ना थंड, ना ऊन, कोमट आहे. आणि आपल्याला काही उणे नाही, अशी तिची समजूत आहे.

या शहरात पाणी आणणारे जुने नळ उत्खननात सापडले. आत चुनखडीचे थर बसलेले. आपल्या घरच्या बंबात क्षार धरतो ना, तसेच. पाणी येत असते, म्हणून आत कोणी डोकावत नाही.

भक्तीचेही असेच होते. रविवारची उपासना चुकत नाही, दान दिले जाते, प्रार्थना तोंडपाठ असते. पण भावाशी धरलेला अबोला तसाच राहतो आणि त्याचे काही वाटेनासे होते. हे न वाटणे म्हणजेच तो थर.

पत्राच्या शेवटी ख्रिस्त बाहेर उभा राहून दार ठोठावतो आहे. दार परक्याचे नव्हे, त्याच्याच मंडळीचे! म्हणून रात्री दिवा मालवण्यापूर्वी स्वतःला विचारावे : आज मी कोणाला क्षमा केली? कोणाची मागितली? उत्तर सुचले नाही, तर उद्याचे पहिले काम ठरले म्हणायचे.