बीजनलिकेची शस्त्रक्रिया आणि आपल्या भगिनी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी हा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले निवृत्त शिक्षक आहोत. परंतु ज्या दुखण्यात काही तासांत बाई हातची जाऊ शकते, त्याविषयी संकोचाने मौन धरणे आम्हांस पसंत नाही.

गर्भाशयाच्या दोन्ही अंगांस सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीच्या दोन नलिका असतात. इटलीतील पादुआ येथील पंडित फालोपिओ याने १५६१ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यांस तुतारीची उपमा दिली. स्त्रीबीज येथेच फलित होऊन पुढे गर्भाशयात उतरते. परंतु शंभर गर्भधारणांत एक-दोन वेळा ते वाटेतच, बहुधा नलिकेतच, रुजते. नलिका गर्भाशयासारखी वाढू शकत नाही. ती फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. बाहेर मात्र पुष्कळदा थोडेसेच दिसते. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूस कळ, घेरी, क्वचित खांद्यात वेदना. आणि घरची वडीलधारी मंडळी वायू धरला म्हणून ओवा चावावयास देतात!

इंग्लंडातील बर्मिंगहॅमचे शस्त्रवैद्य लॉसन टेट यांस १८८१ साली अशाच एका बाईकडे बोलाविले होते. फुटलेली नलिका काढावी असे सोबतच्या डॉक्टरांनी सुचविले. टेट कचरले, बाई दगावली. शवविच्छेदनात दिसून आले की ती वाचविता आली असती. १८८३ साली त्यांनी ही शस्त्रक्रिया केली. पहिली रोगीण वाचली नाही, त्याच वर्षी दुसरी वाचली. गृहस्थ मोठे हट्टी; लिस्टरच्या कार्बॉलिकला त्यांचा विरोध, पण साबणपाण्याच्या स्वच्छतेविषयी विलक्षण कडक.

आज लघवीची तपासणी व सोनोग्राफी यांनी निदान लवकर होते. वेळीच कळल्यास काही जणींचे औषधानेही भागते. फुटल्यावर मात्र शस्त्रक्रियेस पर्याय नाही. एक नलिका काढली म्हणजे सून वांझ झाली, असा बोल लावणाऱ्यांस आम्ही स्पष्ट सांगतो की हे निव्वळ अज्ञान आहे. दुसरी नलिका निरोगी असल्यास अपत्य होऊ शकते.

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत बहुधा नलिका बांधतात वा तिचा तुकडा कापतात. येथे सबंध नलिका काढतात. अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा घातक कर्करोग पुष्कळदा नलिकेच्या टोकाशी उगम पावतो, असे अलीकडे आढळले. त्यावरून कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून, गर्भाशय काढताना किंवा संततिनियमनासाठी, दोन्ही नलिका काढण्याचा प्रघात पडला. अंडाशय जागीच राहतात, त्यामुळे त्यांचे अंतःस्राव चालू राहतात. अर्थात पुढे मूल नको असे जिने स्वतः ठरविले असेल तिच्यासाठीच हा विचार. सासूने किंवा नवऱ्याने परस्पर ठरवावयाचा नव्हे.

नलिका फुटलेल्या बाईस रक्ताची निकड तातडीने लागते. तेव्हा ज्ञातीतील तरुणांचे रक्तगट व पत्ते यांची एक वही मंडळाच्या कार्यालयात ठेवावी, आणि तिचा आरंभ आजच, भोजनाची पंगत बसण्यापूर्वी, दाराशी मेज मांडून करावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.