शेतमालाची गाडी निघण्यापूर्वीची वीस मिनिटे

(माजिवडा, ठाणे येथे भाजीपाला उत्पादक, गाडीमालक व चालक यांच्या बैठकीत दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्या विषयाचा अध्यापक. खत, पाणी, बियाणे यांवर बोलणारा माणूस आज ट्रकच्या चाकांवर काय बोलणार, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. पण पीक काढले म्हणजे हंगाम संपत नाही. माल बाजारात सुखरूप उतरून पट्टी हातात पडते, तेव्हा तो संपतो. आपण जिथे जमलो आहोत त्या माजिवडा नाक्यावर नाशिककडून येणारा मुंबई-आग्रा महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि पूर्व द्रुतगती महामार्ग एकत्र येतात. नाशिकचे टोमॅटो, शहापूर-मुरबाडची भेंडी, तबेल्यांसाठी गवत आणि पेंढा अशा गाड्या इथून रात्रभर जात असतात. त्यांतल्या कित्येक कसारा घाट उतरून आलेल्या असतात.

प्रथम घरचाच एक अनुभव सांगतो. मी तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्यासह चार शेतकऱ्यांचे टोमॅटो एका गाडीत भरले होते. भरणी होईपर्यंत अंधार पडला. चालकाने टॉमी हातात घेतली आणि तो चाके ठोकून पाहायला निघाला. माझे वडील त्याला म्हणाले, "राहू दे रे ते, बाजार हुकेल." तो बिचारा निमूटपणे गाडीत बसला. मागच्या जोडचाकांपैकी आतल्या टायरमधली हवा आधीच गेली होती. बाहेरच्या एकट्या टायरने दोघांचा भार घाटापर्यंत ओढला आणि उतारावर तो फुटला. गाडी डोंगराच्या बाजूला आदळली म्हणून माणसे वाचली, पण क्लीनरचा पाय मांडीत मोडला. तो मुलगा पुन्हा कधी गाडीवर चढला नाही. वडील आजही म्हणतात, "त्याला मी हाक मारली नसती तर त्याने चाक पाहिले असते."

म्हणून आजचे व्याख्यान केवळ चालकांसाठी नाही. गाडीची पाहणी चालक करतो, पण त्यासाठी लागणारा वेळ माल भरणारा शेतकरी आणि गाडीमालक देतात किंवा काढून घेतात. भरणी संध्याकाळी सहाला संपवायची ठरली असेल, तर गाडी साडेसहाला निघेल असेच धरावे.

रोजची पाहणी कशी करावी?

आपण सकाळी शेतात फेरी मारतो. पान उलटून पाहतो, बांध पाहतो, चारीला हात लावतो. गाडीची फेरीही तशीच करावी. रोज एकाच ठिकाणापासून सुरुवात करून गाडीला पूर्ण वळसा घालावा, म्हणजे काही सुटत नाही.

१) गाडीखाली : गाडी रात्रभर उभी होती ती जागा आधी पाहावी. जमिनीवर ऑइल, डिझेल किंवा पाणी ठिबकले असेल तर गळती शोधल्याशिवाय गाडी हलवू नये.

२) इंजिन : सपाट जागेवर, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी पाहावी. रेडिएटरमधील कूलंट, पट्ट्याचा ताण आणि बॅटरीची टोके पाहावीत. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी अंगावर येते.

३) टायर : हवा थंड टायरमध्ये मोजावी आणि गाडीच्या पुस्तकात दिली असेल तेवढीच ठेवावी. जोडचाकांत आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून टॉमीने ठोकून आवाज ऐकावा. हवा असलेला टायर टणक वाजतो, नसलेला बद्द वाजतो. मात्र ठोकणे म्हणजे मोजणे नव्हे; थोडी कमी झालेली हवा आवाजावरून कळत नाही. दोन टायरांमध्ये अडकलेला दगड काढावा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर तो टायर बदलावा. हवा कमी असली की टायरची बाजू सतत वाकत राहते, तापते आणि शेवटी फुटते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला. अशा सरळ रस्त्यावर गाडी तासन्‌तास एकाच वेगाने धावते, तेव्हा टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही.

४) चाकांचे नट : नटाभोवती गंजाची ताजी रेघ दिसली तर तो ढिला आहे असे समजावे. चाक बदलल्यानंतर पन्नास ते शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळावेत.

५) ब्रेक : हवेच्या टाकीत पाणी साचते, विशेषतः आपल्या कोकणच्या पावसाळ्यात. टाकीखालचा कॉक उघडून ते काढावे. एअर ड्रायर असलेल्या गाडीतही अधूनमधून कॉक उघडून पाहावा. पाणी आले तर ड्रायर काम करत नाही हे कळते. नंतर हवा पूर्ण भरू द्यावी. चाकांना ओंडका लावावा, इंजिन बंद करावे आणि ब्रेक दाबून धरून काटा पाहावा. काटा झपाट्याने खाली येत असेल तर कुठेतरी गळती आहे. अशी गाडी घाटात नेऊ नये.

६) दिवे : हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, आरसे, वायपर आणि हॉर्न तपासावेत. मागची परावर्तक पट्टी ओल्या फडक्याने पुसावी. चिखलाने माखलेली पट्टी असून नसल्यासारखीच. रात्री बंद पडलेली गाडी मागच्याला दिसली नाही तर काय होते, ते आपण सर्वांनी रस्त्यावर पाहिले आहे.

७) सामान : स्टेपनी, जॅक, टॉमी, धोक्याचे त्रिकोण, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी जागेवर आहेत याची खात्री करावी.

ट्रॅक्टर-ट्रॉलीने माल नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. शेतात सुटे ठेवलेले ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल रस्त्यावर येण्यापूर्वी एकमेकांना जोडावेत. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो आणि उलटतो.

माल भरताना

भार हौद्यात सारखा पसरावा, ताडपत्री व दोर ताणून बांधावेत आणि थोडे अंतर गेल्यावर दोर पुन्हा पाहावेत. गवत किंवा पेंढ्याची गाडी उंच भरू नये. वाटेतील विजेच्या तारेला लागली तर ती क्षणात पेटते. सायलेन्सरजवळ काडी लोंबत नाही ना, तेही पाहावे. दोन एक्सलच्या सहाचाकी ट्रकचे एकूण वजन २०१८ साली १६.२ टनांवरून १८.५ टन करण्यात आले. त्यात गाडीचे स्वतःचे वजनही धरलेले आहे, हे विसरू नये. त्याहून अधिक भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. दंड एक वेळ भरता येईल, पण जादा वजन घाटात ब्रेकला पेलत नाही.

घाट उतरताना

वेग दुप्पट झाला की गाडी थांबवण्यासाठी ब्रेकला चौपट काम करावे लागते. त्या सगळ्याची उष्णता होते. सतत पाय ठेवून उतरल्यास ड्रम तापतात, जळका वास येतो आणि ब्रेक धरेनासे होतात. म्हणून घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर घालावा आणि गाडी इंजिनवर उतरवावी. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन बंद पडले की ब्रेकसाठी हवा भरली जात नाही आणि स्टीअरिंगही जड होते.

चालकाची पाहणी

गाडीइतकीच चालकाची पाहणी महत्त्वाची आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. दिवसभर भरणीत राबलेल्या चालकाला रात्री घाटात पाठवू नये. शहरात शिरताना अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते. तेवढ्यासाठी वेगाने पळण्यापेक्षा नाक्याबाहेर थांबून झोप घेणे केव्हाही चांगले.

काही जण म्हणतात, आमच्याकडे योग्यता प्रमाणपत्र आहे. जरूर असावे. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. पण ते त्या दिवसापुरते बोलते. काल रात्री ढिला झालेला नट त्यात लिहिलेला नसतो. म्हणून गाडीत साधी शंभर पानी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय दोष आढळला आणि तो कधी दुरुस्त केला, एवढेच लिहावे. मालकाने रोज ती वही वाचून सही करावी. चालकाने दोष लिहिला म्हणून त्याच्यावर रागावू नये. रागावलात तर उद्यापासून वही कोरी राहील, दोष मात्र गाडीतच राहील.

बंधूंनो, बाजार एक दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतो. चालक टॉमी घेऊन गाडीभोवती फिरू लागला की त्याला हाक मारू नका. शक्य तर विजेरी घेऊन त्याच्याबरोबर फिरा. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.