मांजराचा आजार आणि शुश्रूषा



आपले रेवदंडा खाडीकाठचे गाव. इथे मासळी येते, सुकते, विकली जाते. मासळी आली की मांजर आलेच. ते उंदीर मारते, पोरांना सोबत करते. म्हणून आज आपण मांजराच्या एका आजाराविषयी बोलू.

कधी कधी एका आळीतली पिल्ले 2-3 दिवसांत पटापट मरतात. मग कोणी म्हणते, ‘शेजाऱ्याने विष घातले!’ भांडण जुंपते. पण पुष्कळदा ते विष नसते, आजार असतो. त्याचे नाव पॅनल्यूकोपेनिया. त्याला मांजरांचा पार्वो असेही म्हणतात. माणसांना तो होत नाही.

हा विषाणूचा रोग. विषाणू आतड्यांची नासाडी करतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, कमी करतो. मांजराला ताप येतो. ते खात नाही, ओकते, जुलाब होतात.

या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. मग गुरांच्या दवाखान्यात कशाला न्यायचे? सांगतो. डॉक्टर सलाईन देऊन अंगातले पाणी भरून काढतात. ओकारी थांबवतात. दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून औषध देतात. तेवढ्या आधारावर मांजराचे शरीर स्वतः लढते. पहिले 5 दिवस निभावले, तर वाचण्याची आशा वाढते.

घरी काय करावे? आजारी मांजर वेगळे ठेवा. गोणपाटावर उबेत निजवा. तोंडात बळेच पाणी ओतू नका; ते फुप्फुसात जाते. ओकारी थांबली की काटे काढलेली, बिनमिठाची उकडलेली मासळी थोडी थोडी द्या. दूध नको. आणि माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, कधीच देऊ नका. तिने मांजर मरते.

हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो. साबणाने तो जात नाही. फरशी आधी धुवा. मग 32 वाट्या पाण्यात 1 वाटी बाटलीतले ब्लीच घालून त्याने पुसा, 10 मिनिटे ओली ठेवा. सारवलेल्या जमिनीवर हे नीट लागू पडत नाही. तिथे वर्षभर लस न टोचलेले पिल्लू आणू नका.

खरा उपाय लस. पिल्लू 2 महिन्यांचे झाले की पहिली टोचा. पुढे 4 महिन्यांचे होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी टोचा. वर्षाने पुन्हा एकदा.

तेव्हा पिल्लू आजारी पडले, तर शेजाऱ्याशी भांडू नका. त्याला सावध करा. त्याचीही पिल्ले वाचतील.