लेण्यात नाव कोणाचं?

(भंडारा येथील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही सातजण भद्रावतीला जाऊन विजासनची लेणी पाहून आलो, त्यावर बोल असं मला सांगण्यात आलं. बोलतो. पण मी सहलीची गंमत सांगायला उभा नाही. आणि तीर्थाला जाऊन आलेला माणूस गावात प्रसाद वाटतो, तसं पुण्यही वाटणार नाही.

भंडाऱ्याहून पवनी, चिमूर, वरोरा करत आम्ही भद्रावतीला पोचलो. विजासनच्या टेकडीत समोरून सरळ आत जाणारी एक लांब बोळ खोदलेली आहे. बाहेरचं ऊन डोळ्यांत घेऊन आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही. भिंत हातानं चाचपत जायचं. मग हळूहळू बोळीच्या टोकाला दगडातून कोरलेला बसलेला बुद्ध उमटतो. दोन्ही बाजूंना आणखी बोळी आहेत आणि त्यांच्या टोकांशीही बुद्ध बसलेला आहे. इंग्रजांच्या राज्यात कनिंगहॅमनं या लेण्यांची मोजमापं घेऊन वर्णन लिहिलं. ज्यांच्या बापजाद्यांचा हा ठेवा होता, ते तेव्हा गावकुसाबाहेर मेलेली ढोरं ओढत होते.

आत उभे असताना आमच्यातल्या एकानं विचारलं, "इथं नारळ फोडायचा काय?" दुसरा त्याच्यावर उखडला, "नारळाचं सोड बे. बाहेर दुनिया जळत असताना हे भिक्खू अंधारात लपून करत काय होते?"

आज मला या दोन प्रश्नांवरच बोलायचं आहे. आपली अर्धी पोरं पहिला प्रश्न विचारतात आणि अर्धी दुसरा.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो खुद्द बाबासाहेबांनी विचारलेला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत ते भिक्खूलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धाचा हेतू काय? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस घडवायचा, की समाजाचा सेवक? नुसता परिपूर्ण माणूस असेल तर तो आपमतलबी आहे, धम्माच्या काही कामाचा नाही. इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या धर्माच्या माणसानं आपल्या साधूंना विचारलं असेल, तर मला दाखवा.

आता लेण्यांकडे पाहा. कार्ले आणि भाजे बोरघाटाच्या वाटेवर. जुन्नर नाणेघाटाच्या तोंडाशी. समुद्रावरून माल घेऊन वर चढणारे बैलांचे तांडे जिथून जात, तिथंच डोंगरात भिक्खूंची घरं. पळून जाणारा माणूस हमरस्त्यावर घर बांधत नाही. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूनं फिरायचं नाही, एका जागी राहायचं. हा वर्षावास. त्यासाठी छप्पर लागलं, पाण्याची टाकी लागली, बसून शिकवायला जागा लागली. बाकीचे महिने पायाखाली वाट. आणि भिक्खूला स्वतः रांधून खायची सोय नाही. रोज सकाळी पात्र घेऊन वस्तीत जायचं, देईल त्याचं घ्यायचं. म्हणजे रोज सकाळी तो लोकांच्या नजरेखालून जाणार. त्याच्या संघात उपाली न्हावी होता, सुनीत भंगी होता. वस्तीची भाकर खाऊन वस्तीकडे पाठ फिरवली, तर दुसऱ्या दिवशी पात्रात काय पडेल?

हे जिवंत पाहायचं असेल तर थायलंडात पाहा. तिथं आजही रानातले विहार आहेत, गुहांमधली बुद्धमंदिरं आहेत. अजान चा नावाच्या भिक्खूनं 1954 साली उबोन प्रांतात जंगलात विहार थाटला. शिस्त कडक, पण सकाळी पात्र घेऊन गावात जाणं सुटलं नाही. पुढं 1980 नंतरच्या दशकात तिथं ठेकेदार जंगल कापू लागले, तेव्हा काही भिक्खूंनी झाडांनाच चीवर गुंडाळलं. झाडाला दीक्षा दिली म्हणा ना! आता भिक्खूवर कुऱ्हाड कोण उचलणार? सगळेच भिक्खू असे नव्हते. पण जे होते त्यांनी बाबासाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर रानातून दिलं.

आणि हे 1954 साल भंडाऱ्याच्या पोरांनी विसरायचं नाही. त्याच साली बाबासाहेब इथं लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. ज्यानं घटना लिहिली, त्याला या जिल्ह्यानं आठ हजारांवर मतांनी पाडलं. त्यानंतर दोन वर्षांनी, 1956 च्या ऑक्टोबरात, इथून जेमतेम साठ किलोमीटरवर त्यांनी लाखोंना दीक्षा दिली. मतपेटीनं नाकारलं त्यांना, माणसांनी नाही.

आता पहिला प्रश्न. नारळाचा.

नारळ फोडायला आधी देव लागतो, मग पुजारी लागतो, मग पुजाऱ्याचा हिस्सा लागतो. लेण्यात आपण शोधायचं ते वेगळंच आहे. लेण्यात नावं शोधायची.

कार्ल्याच्या चैत्याचा दरवाजा कोणी केला? धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार. त्याचं नाव दगडात आहे. जुन्नरच्या लेखांत दानाचा पैसा कोणाच्या श्रेणीकडे ठेव म्हणून दिलाय? वंसकार आणि कासाकार. म्हणजे बांबूचं काम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे. भंडाऱ्याच्या माणसाला हे दोन शब्द समजावून सांगायची गरज आहे काय? आपलं शहरच पितळेच्या भांड्यांवर वाढलं. बांबू सोलणारा बुरूड अजून आपल्या बाजारात बसतो. दोन हजार वर्षांपूर्वी याच धंद्यातल्या माणसांवर भिक्खूसंघ पैशाचा भरवसा टाकत होता. आज त्याच बुरडाला बँक दारात उभी करते काय ते बघा.

आणि दूर कशाला जाता? आपली पवनी घ्या. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं जगन्नाथ टेकडी खणली. नाव जगन्नाथाचं, पोटात स्तूप! व्यास सुमारे 38 मीटर, सांचीच्या मोठ्या स्तूपाहून कमी नाही. खांबांवर बोधिवृक्ष, चक्र, आणि बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग, खाली नावासकट. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी बाबासाहेब नागपूरच्या भाषणात नागलोकांबद्दल बोलले, तो नाग इथं पवनीच्या मातीखाली उभा होता. त्यांना जाऊन तेरा वर्षं झाल्यावर तो वर आला. तिथल्याच एका दगडावर विसमिता नावाच्या बाईचं दान नोंदलंय. तिनं स्वतःसाठी नवस बोललेला नाही. सर्व प्राणिमात्रांना सुख होवो, एवढंच मागणं.

एका बाईचं नाव, दोन हजार वर्षं टिकलेलं. आणि नंतरच्या काळात आपल्याला नावं कोणती दिली? धोंड्या, कचऱ्या, दगड्या. सुताराचं नाव दगडावर होतं. आमच्या आज्याचं नावच दगड ठेवलं. हा फरक ज्याला कळला, त्याला लेणी कळली.

याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारून टाकलं. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. कोर्टानं खुनाबद्दल शिक्षा दिली, पण जातीच्या द्वेषातून झालं हे मान्य केलं नाही, अॅट्रॉसिटीचं कलम लागलं नाही. सर्व प्राणिमात्रांना सुख होवो असं जिथल्या दगडावर आहे, तिथून खैरलांजी किती लांब? एकाच जिल्ह्यात, दोस्तहो. जुना बुद्ध म्युझियममध्ये ठेवायला सगळ्यांना आवडतो. जिवंत बौद्ध बाई आपल्या शेतावर ताठ उभी राहिली की मात्र खपत नाही.

म्हणून सांगतो, लेण्यात जा. जरूर जा. पण मेणबत्ती लावून फोटो काढून परत येऊ नका. धम्मलिपीची, म्हणजे ब्राह्मीची अक्षरं शिका. मोजून पस्तीस-चाळीस अक्षरं आहेत, एका वर्षावासात येतात. विहारात आषाढी पौर्णिमेपासून ग्रंथवाचन चालतं, त्यातच रोज एक ओळ फळ्यावर काढा. म्हाताऱ्या बायांना सांगा की ही विसमिता, तुमच्यासारखीच. पवनीला शाळेची पोरं न्या. तिथल्या दगडांवर काय लिहिलंय ते त्यांना स्वतः वाचू द्या, म्हणजे उद्या कोणी खोटं सांगितलं तर ती पोरं तोंडावर बोट ठेवून ऐकणार नाहीत.

आणि आपल्या विहारांच्या भिंती बघा एकदा. संगमरवरी पाटी, त्यावर आमदाराचं नाव हातभर, अध्यक्षाचं वीतभर. रोजीवर जाऊन ज्या बाईनं शंभर रुपये वर्गणी दिली, विटा डोक्यावर वाहिल्या, तिचं नाव कुठाय? सातवाहनांच्या काळात सुताराला जो मान मिळाला, तो आपण आपल्याच बाईला आपल्याच विहारात देत नाही. पुढच्या वेळी भिंत रंगवाल तेव्हा आधी तिचं नाव लिहा. गवंड्याचं लिहा. जागा उरली तर आमदाराचं.

जय भीम.