तळ्यातली जलपर्णी आणि बांधावरची माती
(विवळवेढे येथील बैठकीतील भाषण)



जलपर्णीचा विषय निघाला की लोक म्हणतात, हा नगरपालिकांचा आणि मच्छीमारांचा प्रश्न, शेतकऱ्याला त्याचे काय? आज आम्ही पाण्याबद्दल कमी आणि बांधाच्या अलीकडच्या मातीबद्दल जास्त बोलणार आहोत.

जलपर्णी, कोणी केंदाळ म्हणते, ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जांभळ्या फुलाच्या शोभेपायी ती बंगालमध्ये आली आणि भातशेतीत अशी घुसली की 1936 साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. कायद्याने ती गेली नाही, हे सांगायला नकोच. आपल्या शेजारी उल्हास नदीवर, कल्याणजवळ मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी ती पसरते. शहराचे सांडपाणी म्हणजे तिला फुकटचा युरिया. अनुकूल हवेत दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. डिसेंबरच्या सुरुवातीला दहा रोपे असतील तर मार्चच्या मध्यापर्यंत बाराशेच्या वर. बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते.

आता माती. नाला किंवा कालवा जलपर्णीने भरला की पाणी तुंबते, गाळ बसतो आणि ओल बाजूच्या शेतात झिरपते. मातीत हवेवर जगणारे जिवाणू असतात तसे हवेशिवाय जगणारेही असतात. चिबड झाली की पहिले मागे पडतात, दुसरे वरचढ होतात. हे दुसरे जिवाणू आधी नत्राकडे वळतात. तुम्ही टाकलेल्या खतातले नत्र वायू होऊन उडून जाते. नत्र संपले की लोहाची पाळी. आपल्या तांबड्या जमिनीतले लोह विरघळून मुळांपाशी येते. भात हे सोसते, कारण त्याच्या पोकळ काडीतून मुळाला हवा पोचते. पण भातामागून घेतलेल्या वालाचे काय? वालाच्या मुळावरच्या गाठींतले जिवाणू हवेवाचून नत्र बांधत नाहीत. चिकूचे झाड तर चिबडीत हळूहळू वाळते आणि आपण रोग शोधत बसतो.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. चराच्या पाण्यावर तेलकट साय दिसली तर काडीने ढवळा. तुकडे होऊन फुटली तर ती लोहावर जगणाऱ्या जिवाणूंची, माती चिबडल्याची खूण. फाटून पुन्हा जुळली तर खरेच तेल, मग वरच्या अंगाला काय सोडले जाते ते पाहा. ढेकळाला कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा संपली आहे.

दुसरे नुकसान आपण काढलेल्या जलपर्णीने होते. ठेकेदार ती उपसतो आणि जवळच्या बांधावर फेकतो. तिच्यात 95 टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणजे ओल्या वजनावर बिल निघत असेल तर सरकार पाण्याचेच पैसे मोजते. ढीग सडतो, काळे पाणी शेतात उतरते, पहिल्या पावसात उरलेली रोपे पुन्हा नाल्यात. कोणी तीच ओली जलपर्णी फुकटचे खत म्हणून चिखलात गाडतो. पाण्याखाली ती कुजताना उरलीसुरली हवा खाते, आंबट द्रव्ये तयार होतात आणि लावणीची रोपे पिवळी पडतात.

तरीही तिचे खत चांगले होते, पालाश भरपूर असते. फुले येण्याआधी काढा. उंचवट्यावर आठवडाभर सुकवा, तुकडे करा, शेण आणि जुन्या मातीचे थर द्या, दोन-तीनदा पालटा. ढिगात पहार खुपसून ठेवा. थोड्या वेळाने बाहेर काढल्यावर तिचा आतला भाग हातात धरवत नसेल तर बी मरण्याइतकी ऊब आली आहे. महालक्ष्मीच्या जत्रेच्या आत ढीग एकदा पालटून झाला तर आवणीला खत तयार.

पण कारखान्याच्या पाण्यातली जलपर्णी खताला घेऊ नका, फुकट मिळाली तरी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात सर्वांत वर होते. आपल्यापासून ते किती लांब? अशा पाण्यातले शिसे, कॅडमियम जलपर्णी शोषून मुख्यतः मुळांत साठवते. जिवाणू पाला कुजवतात, धातू कुजत नाही. तो ढिगातून मातीत आणि मातीतून पिकात जातो.

म्हणून या बैठकीतून मागणी अशी जावी : जलपर्णी काढण्याच्या ठेक्यातच ती कुठे टाकायची ती जागा लिहिलेली असावी, ती शेताच्या उताराच्या वर नसावी आणि मृगाच्या आत ढीग हलवलेला असावा. कारखान्यांच्या खालच्या नाल्यातील जलपर्णी धातूंची तपासणी झाल्याशिवाय कुणाच्या बांधावर पडू नये. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या तळ्यांची आणि नाल्यांची यादी आणावी, जिथे जांभळे फूल दिसले तिथे खूण करून. दहा रोपे हाताने उपटता येतात.